भीमगडच्या रानवाटेने एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, चंदगड आणि गोव्याकडून भीमगड अभयारण्याच्या परिसरात एका दिवसाच्या पायी भटकंतीसाठी येऊ इच्छिणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. धबधब्याखाली भिजायला किंवा रानात चूल मांडून पार्टी करायला येणाऱ्यांच्या उपयोगाचे येथे फारसे काही नाही. सकाळी रानात शिरून, सावकाश चालून, उजेड असतानाच बाहेर पडणाऱ्या माणसासाठी हे लिहिले आहे.

भीमगड अभयारण्य कोठे आहे आणि ते कशासाठी राखले आहे?

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर आणि त्याच्या पश्चिम उतारावर सुमारे १९० चौरस किलोमीटरचे हे जंगल पसरले आहे. डिसेंबर २०११ मध्ये त्याला वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. पश्चिमेला गोव्याचे म्हादई अभयारण्य आणि दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान असल्यामुळे जनावरांच्या दृष्टीने हा एकच सलग पट्टा आहे; राज्यांच्या सीमा फक्त आपल्या नकाशांवर आहेत.

या भूभागाचे खरे वैशिष्ट्य पाण्यात आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते, म्हणजे तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते. तेथून फार लांब नसलेल्या देगावच्या रानात म्हादई उगम पावते, पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. एका दिवसाच्या चालीच्या टप्प्यात पाण्याचे दोन समुद्रांकडे वाटप होते, आणि कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र ही राज्ये ज्या पाण्यावरून वर्षानुवर्षे लवादात भांडली ते पाणी येथे घोट्याएवढ्या ओहळातून वाहताना दिसते.

ठरलेली, खुणा केलेली एकच पायवाट आहे का?

फलक, रंगीत बाण आणि बसायला बाके अशी सजवलेली वाट मनात धरून येऊ नये. येथील बहुतेक पायवाटा गावकऱ्यांच्या आहेत. हेम्माडगा, तळेवाडी, गवाळी, कृष्णापूर, देगाव, पास्टोली, कोंगळा, आमगाव अशी गावे या रानाच्या आत किंवा काठावर आहेत, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला, शेताला, देवस्थानाला किंवा बाजाराची गाडी मिळते त्या रस्त्याला जाण्यासाठी माणसे ज्या वाटांनी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्याच वाटांनी आपणही चालतो. पावसाळ्यात रस्ता तुटला की याच वाटांवरून आजारी माणसाला खांद्यावरच्या डोलीतून किंवा स्ट्रेचरवरून मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागते. ही गोष्ट एकदा लक्षात घेतली, की वाटेवर कसे वागावे याविषयीच्या पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

पहिल्यांदा येणाऱ्याने हेम्माडग्याच्या बाजूने, वन खात्याच्या निसर्ग शिबिराच्या आसपासची वाट निवडावी असे आमचे मत आहे. चढ बेताचा, झाडी दाट आणि माणसांची ये-जा कमी. कणकुंबीच्या बाजूला रान जरा उघडे आहे आणि मलप्रभेचा उगम, रामेश्वर व माउली देवीची मंदिरे पाहून होतात. तळेवाडीहून भीमगड किल्ल्याकडे जाणारी वाट मात्र सरावलेल्या पायांची आहे.

परवानगी लागते का? गावात ओळख असली तरी?

लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध आहेत आणि कलम २८ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक पर्यटन, छायाचित्रण, संशोधन अशा कारणांसाठी परवाना देऊ शकतात. आतल्या गावात राहणाऱ्यांना आणि तेथे मालमत्ता असणाऱ्यांना कायद्याने वेगळी सवलत आहे. गावात कोणाकडे भेटीसाठी किंवा लग्नकार्यासाठी जाणे ही एक गोष्ट आणि त्या निमित्ताने दहा मित्रांना घेऊन गडावर जाणे ही दुसरी, आणि नाक्यावरच्या वनरक्षकाला हा फरक चांगला कळतो.

परवानगीसाठी खानापूर येथील वन खात्याच्या कार्यालयात किमान चार-पाच दिवस आधी चौकशी करावी. कोणती वाट त्या आठवड्यात खुली आहे, शुल्क किती आणि सोबत कोण येणार, हे तेथेच ठरते. शुल्क आणि नियम बदलत असल्यामुळे गेल्या वर्षी मित्राने किती भरले यावर विसंबून राहू नये. प्रत्येकाचे ओळखपत्र आणि वाहनाचा क्रमांक तयार ठेवावा. परवानगी एका वाटेची घेऊन दुसऱ्याच वाटेला लागणे हा गुन्हा आहेच, शिवाय आपल्याला शोधायची वेळ आली तर लोक चुकीच्या रानात शोधत बसतात.

बेळगावहून कसे पोहोचावे?

खानापूर बेळगावपासून सुमारे २६ किलोमीटरवर आहे आणि बेळगाव–लोंढा लोहमार्गावरचे स्थानक आहे. तेथून शिरोली, हेम्माडग्याकडे एक रस्ता जातो. जांबोटी, कणकुंबीकडे जायचे असल्यास बेळगावहून चोर्ला घाटाचा थेट रस्ता आहे. बस आहेत, पण आतल्या गावांना त्या मोजक्याच असतात आणि परतीची चुकली तर दुसरी मिळेलच असे नाही. चार-पाच जणांनी मिळून खानापुरातून गाडी ठरवणे हाच बरा मार्ग.

पावसाळ्यात मणतुर्ग्याजवळील हालात्री नाल्याच्या पुलावर पाणी आले की खानापूर–हेम्माडगा रस्ता बंद होतो, आणि हे एखाद्या वर्षी नव्हे तर बहुतेक दर पावसाळ्यात होते. पुलावर पाणी वाहत असताना पुढची गाडी गेली म्हणून आपली घालू नये.

कोणत्या महिन्यात यावे?

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते जानेवारी हा काळ सर्वांत चांगला. पाऊस ओसरलेला असतो, ओहळ वाहते असतात, भाताची कापणी चालू असते आणि पहाटेच्या धुक्यातून वर आलेले ऊन अंगाला सोसते.

फेब्रुवारीपासून रान कोरडे होत जाते. पानगळीच्या पट्ट्यात वाळलेला पाचोळा घोट्यापर्यंत साचतो आणि एका विडीच्या थोटकाने डोंगर पेटू शकतो, म्हणून या दिवसांत वन खाते वाटा बंद ठेवते तेव्हा त्यावर कुरकुर करू नये. याच काळात वणवा पसरू नये म्हणून जाळपट्टे काढलेले दिसतात. ते चालायला सोपे वाटले तरी आपल्या परवानगीतली वाट नसतात. एप्रिल-मेमध्ये करवंदे आणि जांभळे पिकतात, आणि ती आपल्याला जेवढी आवडतात तेवढीच अस्वलालाही आवडतात.

जून ते सप्टेंबर या महिन्यांत येऊ नये. सीमाभागात पावसाळी भटकंतीची हौस मोठी आहे हे आम्हांला ठाऊक आहे, पण येथला पाऊस शहरातल्या पावसासारखा नसतो. अभयारण्यातल्या आमगावात २०१० साली वर्षभरात दहा हजार मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली होती. आपण उभे आहोत तेथे ऊन असते आणि वरच्या डोंगरात कोसळलेल्या सरीचे पाणी अर्ध्या तासाने आपल्या पायाखालच्या ओढ्यात येते. पाणी एकाएकी गढूळ झाले आणि त्यावर पालापाचोळा व काटक्या वाहत येऊ लागल्या, तर सामान गोळा करत न बसता आधी काठावर उंच जागी चढावे. पावसाळ्यात धबधब्यांकडे जाण्यास प्रशासन बंदी घालते ती याच कारणासाठी.

चाल किती कठीण आहे आणि किती वेळ लागतो?

आठ ते दहा किलोमीटरची जा-ये एका दिवसाला पुरेशी आहे. डांबरी रस्त्यावर एवढे अंतर दोन तासांत संपते, म्हणून अनेकजण येथेही तोच हिशोब करतात. रानात थांबत, पाहत, ओहळ ओलांडत चालणाऱ्या माणसाचा वेग तासाला दोन किलोमीटरच्या वर जात नाही, आणि तो जाऊही नये. सकाळी सातला चालायला सुरुवात करावी, बाराच्या सुमारास जेवण करून परत फिरावे आणि चारपर्यंत गाडीपाशी यावे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण दरीत आणि दाट झाडीत साडेचारनंतरच अंधारल्यासारखे होते, आणि रानातली मोठी जनावरे पाण्यावर यायला लागतात ती त्याच वेळी.

वाटाड्या घ्यावाच का? मोबाइलमध्ये नकाशा असतो.

घ्यावा. आतमध्ये मोबाइलची रेंज बहुतेक ठिकाणी नसते, आणि असली तरी गुरांच्या वाटा, गव्यांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा यांतला फरक कोणताही नकाशा दाखवत नाही. गव्यांची वाट रुंद, मळलेली आणि अगदी भरवशाची दिसते. ती चिखलाच्या डबक्यापाशी किंवा एखाद्या उभ्या उतारावर जाऊन संपते.

वन खात्याने नेमून दिलेला किंवा खात्याच्या माहितीने येणारा गावातला माणूस सोबत घ्यावा. पैसे आधी बोलून ठरवावेत आणि परतल्यावर घासाघीस करू नये. कापणीच्या दिवसांत तो आपले शेत सोडून आलेला असतो. वयस्कर वाटाड्याला ‘मामा’ किंवा ‘काका’ म्हणणे येथे रीतीचे आहे, आणि त्याने ‘थांबा’ म्हटले की थांबावे. कारण मागाहून विचारता येते.

प्राणी दिसतील का?

दिसतीलच असे कोणी सांगत असेल तर त्याच्यासोबत जाऊ नये. गवा, सांबर, भेकर, रानडुक्कर, कोळसुंदे (रानकुत्रे), बिबट्या, अस्वल हे सारे येथे आहेत, पण त्यांना आपण दिसतो, ते आपल्याला दिसत नाहीत. ज्याला पाहायची सवय आहे त्याला खुणा मात्र भरपूर मिळतात.

वारूळ फोडलेले दिसले तर जवळ न जाता थोडे वाकून पाहावे. अस्वलाने उकरलेल्या वारुळात लाल माती ताजी, ओलसर असते, भोकाच्या कडेला नखांचे समांतर ओरखडे असतात आणि उरलेली वाळवी उघड्यावर सैरावैरा धावत असते. धावती वाळवी दिसली याचा अर्थ ते काम फार जुने नाही. येथून पुढे कुजबुज बंद करून साध्या आवाजात बोलत चालावे. एरवी आम्ही शांततेचा आग्रह धरतो, पण अस्वलाच्या बाबतीत शांतता धोक्याची ठरते: त्याची नजर अधू असते, खाण्यात गुंग असताना त्याला आपली चाहूल लागत नाही, आणि दहा पावलांवर एकाएकी माणूस दिसला की ते पळण्याऐवजी अंगावर येते. खानापूर तालुक्यात शेताला किंवा रानात गेलेल्या माणसांवर अस्वलाचे हल्ले झाले आहेत. समोर आलेच तर पाठ फिरवून धावू नये. तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरकावे, आणि अंगावर आलेच तर पालथे पडून मान व डोके हातांनी झाकावे.

गव्याचे तसे नसते. त्याला आपली चाहूल आधीच लागलेली असते. काळाभोर देह आणि पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा रंग झाडीत अचानक उठून दिसतो. तो टक लावून पाहत असेल तर तेथेच थांबावे. त्याने फुत्कार टाकला किंवा खूर आपटला तर मागे फिरावे. एकटा नर कळपापेक्षा जास्त बेभरवशाचा असतो. दांडेलीच्या रानातून हत्तीही अधूनमधून या तालुक्यात उतरतात, आणि ते आसपास असल्याची बातमी गावात असेल तर त्या दिवशीचा बेत रद्द करावा.

पक्षी हे येथले खरे धन आहे, असे आम्हांला वाटते. पहाटे ओहळाकाठी शीळकरी कस्तूर शीळ घालतो तेव्हा नवख्याला एखादा मुलगा रिकामपणी वाजवत असल्याचा भास होतो. धनेशाच्या पंखांचा फडफडाट डोक्यावरून जाताना ऐकू येतो, आणि शेकरूचे काटक्या-पानांचे ओबडधोबड घरटे उंच फांदीवर, दोन झाडांचे शेंडे जेथे भिडतात तेथे शोधावे.

येथे वाघ आहेत का?

या सलग रानातून त्यांची ये-जा आहे. जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या म्हादई अभयारण्यात चार वाघ विषप्रयोगाने मेले होते, यावरून त्यांचा वावर आणि त्यांची अडचण दोन्ही कळावे. दिवसाउजेडी वाटेवर वाघ भेटण्याची शक्यता नगण्य आहे. भीती बाळगायचीच तर अस्वलाची आणि ओढ्याच्या पाण्याची बाळगावी.

साप आणि जळवा यांचे काय?

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींवर चालणारी प्रतिसर्प लस सरकारी रुग्णालयांत मिळते. या रानात त्यांच्याखेरीज मलबार चापडा आणि नाक वर वळलेला एक छोटा तपकिरी चापडा आढळतो, आणि चापड्यांच्या विषावर ती लस नीट चालत नाही. हिरवा चापडा गुडघ्याएवढ्या उंचीच्या फांदीवर तासन्‌तास निश्चल बसतो, म्हणून आधारासाठी फांदी धरण्याआधी तिच्याकडे पाहावे. ओंडका ओलांडताना आधी त्यावर पाय ठेवावा आणि मग पलीकडे पाहून उतरावे. चावा झालाच तर जखम कापणे, चोखणे, दोरीने आवळणे यांपैकी काहीही करू नये. तो हात किंवा पाय काठीच्या आधाराने बांधून स्थिर करावा, अंगठी-कडे काढावे, आणि माणसाला न चालवता रुग्णालयात न्यावे.

जळवा पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला असतात. त्यांनी काही बिघडत नाही, फक्त रक्त थोडा वेळ वाहते. ओढून काढू नये. चिमूटभर मीठ पुरते. गावातली माणसे तंबाखू-चुना लावतात आणि तोही उपाय चालतो.

अंगावर काय घालावे आणि पिशवीत काय असावे?

पूर्ण बाह्यांचा फिकट मातकट रंगाचा सदरा, लांब विजार, पोटरीपर्यंतचे मोजे आणि पकड असलेले जुने, पायात बसलेले बूट. नवे कोरे बूट या वाटेवर घालू नयेत. भडक रंग आणि अत्तर घरी ठेवावे, कारण आग्या मोहोळाच्या माशांना तीव्र वास सहन होत नाही.

दोन लिटर पाणी, विजेरी, शिट्टी, मीठ, पट्टी, नेहमीची औषधे, दुर्बीण असल्यास ती, आणि कचरा परत आणण्यासाठी एक रिकामी पिशवी एवढे सामान पुरे. शस्त्र तर कायद्यानेच वर्ज्य आहे. कोयता वाटाड्याकडे असेल तर तो त्याचा आणि वन खात्याचा प्रश्न.

जेवणाचे काय करावे? रानात स्वयंपाक करता येईल का?

करता येणार नाही. अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि कोरड्या पाचोळ्यात कोणता विस्तव धोक्याचा नसतो हे सांगणारा माणूस आम्हांला भेटलेला नाही. भाकरी, शेंगाचटणी, दशम्या, धपाटे हे आपल्याकडचे डबे यासाठीच जणू घडले आहेत: सांडत नाहीत, आंबत नाहीत आणि वास दूरवर जात नाही. कुंदा न्यायचा तर गाडीत ठेवून परतल्यावर खावा, कारण साखरेवर मुंग्या आणि माकडे दोन्ही येतात. माकडांना शेंगदाणेसुद्धा देऊ नयेत.

ओहळाचे पाणी नितळ दिसले तरी वर गुरे आणि जनावरे उतरतात, त्यामुळे ते न उकळता पिऊ नये. दारूच्या बाटल्या आणू नयेत. गोव्याकडून येणाऱ्यांनी कणकुंबीला तपासणी नाका आहे हेही ध्यानात ठेवावे.

बारापेडे गुहेतली वटवाघळे पाहता येतील का?

नाही, आणि तशी खटपटही करू नये. तळेवाडीजवळच्या या चुनखडीच्या गुहांत राहणाऱ्या, मोठ्या कानांच्या, मोकळ्या शेपटीच्या वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली केले आणि त्याला वनाधिकारी रॉटन यांचे नाव दिले. त्यानंतर कित्येक दशके संपूर्ण जगात या जातीचे हे एकच वसतिस्थान ज्ञात होते. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ती सापडली. गुहेत शिरलेल्या माणसाच्या विजेरीने आणि आवाजाने दिवसा झोपलेली वटवाघळे उठतात, त्यांची शक्ती वाया जाते, आणि पिले असण्याच्या काळात ती खाली पडून मरू शकतात. जेथे माणसाचे न जाणे हेच संरक्षण आहे अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत, त्यांपैकी ही एक.

भीमगडावर जाता येते का?

वेगळी परवानगी मिळाल्यास जाता येते. गड शिवकालीन मानला जातो. चहूबाजूंनी तुटलेले कडे आणि खाली म्हादईचे खोरे असल्यामुळे त्याला तटबंदीची गरज फारशी भासली नसावी. अवशेष थोडे आहेत. वरून दिसणारे रान, जेथे नजर पोहोचेल तेथवर एकही छप्पर दिसत नाही, ते पाहण्यासाठी चढावे. जुन्या दगडांवर नावे कोरणे आणि झेंडे रोवून मोठ्याने घोषणा देणे या दोन्ही गोष्टी या गडावर करू नयेत. गडाविषयीचा आदर खाली न उमटणाऱ्या पावलांतूनही दिसतो.

गावांतून जाताना काय सांभाळावे?

गुरे शेतात शिरू नयेत म्हणून वाटेवर बांबूचे आडवे वासे लावलेले असतात. ते काढून पलीकडे गेल्यावर पुन्हा तसेच लावावेत. एका वाश्याचा आळस म्हणजे कोणाच्या तरी भातात रात्रभर गुरे, नाहीतर गवे. बांधावरून एकामागोमाग एक चालावे. अंगणात शिरण्याआधी हाक द्यावी. ओढ्यावर धुणे धुणाऱ्या बायकांचे, चुलीपाशी बसलेल्या आजींचे फोटो न विचारता काढू नयेत. चहा-पाणी आपुलकीने मिळते, तरी जेवण सांगायचे असल्यास आदल्या दिवशी कळवून त्याचे पैसे द्यावेत. चार घरांच्या वाडीत आठ पाहुण्यांचे तांदूळ ऐनवेळी निघत नाहीत.

देवराईत चपला काढून जावे किंवा बाहेरूनच हात जोडावेत. तेथली वाळकी काटकीसुद्धा गावकरी उचलत नाहीत.

रस्ता, वीज, दवाखाना आणि अभयारण्याचे नियम यांच्या ओढाताणीत येथली माणसे बरीच वर्षे आहेत. तळेवाडीच्या कुटुंबांच्या स्थलांतराची प्रक्रिया अलीकडेच सुरू झाली. याविषयी कोणी आपणहून बोलले तर ऐकावे. ‘तुम्ही किती भाग्यवान, असल्या निसर्गात राहता’ हे वाक्य मात्र टाळावे, कारण ते ऐकणाऱ्याने मागच्या पावसाळ्यात कोणाला तरी खांद्यावरून वाहून नेलेले असू शकते.

लहान मुले आणि वयस्कर माणसे येऊ शकतील का?

आठ-दहा वर्षांवरची, चालायची सवय असलेली मुले हेम्माडग्याच्या बाजूची छोटी वाट सहज करतात, आणि खुणा शोधण्यात ती मोठ्यांपेक्षा तरबेज असतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी काठी घ्यावी आणि उतार असलेली वाट टाळावी. एका गटात सहा-आठ माणसांपेक्षा जास्त नसावीत.

पाळीव कुत्रा आणता येईल का?

आणू नये. कुत्र्यांचे आजार कोळसुंद्यांना लागतात, आणि भुंकत पुढे गेलेला कुत्रा अस्वलाला चिडवून धन्याच्या पायांत परत येतो. वाडीतले एखादे कुत्रे आपणहून मागे लागते. लाड न करता वाटाड्याला सांगून ते परत पाठवावे.

फोटो, ध्वनिमुद्रण आणि ड्रोन?

साध्या कॅमेऱ्याने वाटेवरून फोटो काढायला हरकत नसते, पण परवाना घेताना तसे सांगावे. ड्रोन खात्याच्या लेखी परवानगीवाचून उडवू नये. पक्ष्यांना जवळ बोलावण्यासाठी त्यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवू नये, विशेषतः विणीच्या काळात. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली मंडळी रंगीत धुराच्या नळकांड्या पेटवताना दिसतात. त्यांच्यासाठी बेळगावात बागा आहेत.

फलक कन्नडमध्ये असतात. भाषेची अडचण येते का?

वाड्यांमधून मराठी आणि कोकणीच्या छटा असलेली बोली चालते. वन खात्याचे कर्मचारी कन्नड बोलतात आणि त्यांतल्या अनेकांना मराठी समजते. परवानगीच्या कागदावर काय अटी लिहिल्या आहेत ते सही करण्याआधी वाचून घ्यावे किंवा वाचून दाखवायला सांगावे. नाक्यावर भाषेवरून वाद घालून आजवर कोणाचा दिवस चांगला गेलेला नाही.

वाट चुकली किंवा अपघात झाला तर?

वाट चुकल्याचे लक्षात येताच थांबावे. शेवटची ओळखीची जागा आठवून तेवढेच मागे जावे. ती सापडली नाही तर बसून राहावे आणि थोड्या थोड्या वेळाने तीन वेळा शिट्टी वाजवावी. ओढ्याच्या कडेने खाली गेले की गाव लागते हा समज येथे घातक आहे, कारण येथले ओढे कड्यावरून खाली झेपावतात.

रेंज असल्यास ११२ वर, रुग्णवाहिकेसाठी १०८ वर आणि कर्नाटक वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. खानापुरात तालुका रुग्णालय आहे. गंभीर रुग्णाला पुढे बेळगावला न्यावे लागते. निघण्याआधी कोणत्या वाटेने जाणार आणि कितीपर्यंत परतणार हे घरी एका माणसाला लिहून द्यावे, आणि परतल्यावर त्याला कळवायला विसरू नये.

घरी परतल्यावर काही काळजी घ्यायची असते का?

घ्यायची असते, विशेषतः डिसेंबर ते मे या काळात. या पट्ट्यात गोचिडींमधून पसरणारा माकडताप आढळतो. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात १९५७ साली त्याची ओळख पटली आणि गेल्या दशकात शेजारच्या गोव्यातील सत्तरी व महाराष्ट्रातील दोडामार्ग भागांतही त्याचे रुग्ण सापडले. हा ताप पसरवणाऱ्या गोचिडीचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असल्यामुळे चावल्याचे कळतही नाही. म्हणून चालायला निघण्याआधी मोजे, मनगटे आणि मानेला गोचीडरोधक तेल लावावे, पाचोळ्यावर आडवे होऊ नये, आणि मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वन खात्याला कळवावे.

घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाकावेत, साबणाने आंघोळ करावी आणि काखा, जांघा, कानांमागची जागा व केसांची मुळे उजेडात तपासावीत. गोचीड चिकटलेली आढळली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढावी. बोटांनी चिरडू नये. पुढच्या दोन आठवड्यांत थंडी वाजून ताप, कपाळात तीव्र वेदना किंवा अंग मोडून येणे असे काही झाले, तर घरगुती काढ्यावर दिवस न घालवता डॉक्टरांकडे जावे आणि आपण भीमगडच्या रानात गेलो होतो हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.